मदत हवी आहे: रेस इंजिनात बेअरिंग क्लिअरन्स वाढवू, की ऑइल जाड करू?

नमस्कार. सर्किट रेसच्या एका इंजिनाची फेरबांधणी चालू आहे आणि बेअरिंगपाशी येऊन काम अडलंय. प्रश्न क्लिअरन्सचा, म्हणजे फिरता दांडा आणि बेअरिंग यांच्यामधल्या फटीचा आहे. ज्यांनी स्वतः अशी इंजिनं बांधली आहेत त्यांचं मत हवं आहे.

इंजिन चार सिलिंडरचं, दोन लिटरचं, टर्बो नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, मेन कॅप (क्रँकशाफ्ट खालून धरणाऱ्या) बिडाच्या, साधा वेट संप (ऑइल इंजिनाखालच्या टाकीतच साठतं). मेन जर्नल (क्रँकशाफ्टचा ब्लॉकमध्ये फिरणारा भाग) ५५ मिमी, क्रँकपिन (क्रँकशाफ्टवर रॉड बसतो तो भाग) ४८ मिमी. शर्यतीत ८,००० आरपीएमपर्यंत जातं. आतापर्यंत १०डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल वापरलं. शर्यत रंगात आली की ऑइलचं तापमान १३० अंशांवर जातं. तेव्हा ८,००० ला प्रेशर ४.५ बार दिसतं आणि आयडलला १.२ बार.

खोलल्यावर काय दिसलं ते सांगतो. मेन बेअरिंग चांगली आहेत, नुसती पॉलिश झाल्यासारखी. बिग एंडच्या (रॉडचं क्रँकपिनवरचं टोक) वरच्या शेलना, म्हणजे बेअरिंगच्या वरच्या अर्ध्या भागांना, मात्र मधोमध वरचा मऊ थर घासून करडा पडलाय. दोन रॉडमध्ये आणखी एक गोष्ट आहे: रॉड आणि त्याची कॅप मिळतात त्या जोडाजवळ चकाकणारी पट्टी. वरच्या शेलला ती एका बाजूला आहे आणि खालच्या शेलला बरोबर समोरच्या बाजूला.

क्लिअरन्स असं मोजलं: मायक्रोमीटर जर्नलवर लावला, त्यावरच बोअर गेज शून्य केला, बोल्ट पूर्ण ताणाला आवळले आणि जोडाशी काटकोनात माप घेतलं. मेन ०.०४५ मिमी, बिग एंड ०.०५५ मिमी. जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), रेससाठी वर अर्धा थाऊ, हा जुना नियम लावला तर बिग एंडला ०.०४८ ते ०.०६१ येतं. म्हणजे मी मधोमध आहे. मेनला मात्र त्याच नियमाने ०.०५५ ते ०.०६८ हवं, तिथे मी कमी आहे.

एक सल्ला असा मिळाला की सगळीकडे ०.०६५ कर आणि २०डब्ल्यू-५० टाक. दुसरा म्हणतो क्लिअरन्सला हात लावू नकोस, नुसतं ऑइल जाड कर. दर १,००० आरपीएमला १० पीएसआय धरलं तर ८,००० ला साडेपाच बार हवं, ते माझ्याकडे नाही, म्हणून दोन्ही सल्ले पटतात आणि दोन्हींची धास्तीही वाटते. क्रँक एकच आहे, ती गमवायची नाही. काय करावं?

प्रतिसाद

माहिती नीट दिलीत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. प्रेशरचा काटा थोडा वेळ बाजूला ठेवा. पंपाचं प्रेशर ऑइल बेअरिंगपर्यंत पोचवतं, पण भार पेलते ती फिरत्या जर्नलखाली तयार होणारी ऑइलची पाचर. त्या फिल्ममधला दाब काट्यावरच्या चार-पाच बारच्या कितीतरी पट असतो. काटा फक्त ऑइलला वाहताना किती अडथळा होतोय तेवढंच सांगतो.

खरा प्रश्न तुमच्या १३० अंशांचा आहे. साधारण ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना १४ सेंटिस्टोकच्या (व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा मोजायचं एकक) आसपास असतं. १३० ला ते आठवर येतं. आठ म्हणजे २० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना जितकं पातळ असतं तितकं. डब्यावर ४० लिहिलंय, बेअरिंगला मिळतंय २०. आता ५० ग्रेड टाकलं तर १३० ला पावणेदहापर्यंत जाल. पण हेच ४० ग्रेड ११० अंशांवर ठेवलंत तर सव्वाअकरा मिळतील. म्हणजे एक ग्रेड चढण्यापेक्षा वीस अंश उतरणं जास्त देऊन जातं. आधी चांगला ऑइल कूलर, मग ग्रेडची चर्चा.

क्लिअरन्स ०.०५५ वरून ०.०६५ केलं तर बाजूने निसटणारं ऑइल अंदाजे घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दीडपटीहून जास्त. ते जास्तीचं ऑइल उष्णता घेऊन जातं, हा फायदा खरा. पण भार पेलण्याची ताकद क्लिअरन्सच्या वर्गाने घटते. ती जागेवर ठेवायला व्हिस्कॉसिटी चाळीस टक्के वाढायला हवी, आणि ४० वरून ५० ग्रेडला गेल्यावर ती पाव हिश्श्यानेही वाढत नाही. वर प्रेशर आणखी पडेल ते वेगळंच. प्रेशर कमी असताना क्लिअरन्स वाढवायचा सल्ला मला तरी पटत नाही.

ऑइल निवडताना डब्यावरच्या ग्रेडपेक्षा माहितीपत्रकातला एचटीएचएस आकडा बघा. १५० अंशांना, जोरात कातरलं जात असताना ऑइल किती जाड राहतं ते तो सांगतो. मल्टिग्रेड ऑइल अशा वेळी तात्पुरतं आणखी पातळ होतं आणि १०० अंशांच्या आकड्यात हे दिसत नाही. एसएई जे३०० मानकात १०डब्ल्यू-४० साठी किमान ३.५ आहे, ५० साठी किमान ३.७. किमान आकडे इतके जवळ असल्यामुळे चांगलं ४० एखाद्या सामान्य ५० च्या बरोबरीने उभं राहू शकतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी दोन गोष्टी जोडतो.

मेनला मुळीच हात लावू नका. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. तुमचं हाउसिंग ५९ मिमी धरलं आणि तापमान ८० अंशांनी वाढलं, तर निव्वळ ॲल्युमिनियमचं भोक ०.१०८ मिमी मोठं होईल, तर पोलादी जर्नल आणि शेल मिळून ०.०५४ मिमीच वाढतील. बिडाच्या कॅपमुळे प्रत्यक्षातला फरक बराच कमी पडतो, पण थंडीतलं ०.०४५ गरम झाल्यावर ०.०४५ राहत नाही हे नक्की. तो जुना नियम बिडाच्या ब्लॉकमधून आलाय. शिवाय बिग एंडला ऑइल मेनमधूनच जातं. मेन सैल केलंत तर उपाशी राहणार बिग एंड, आणि तुमची घासलेली बेअरिंग तीच आहेत.

दुसरं म्हणजे त्या चकाकत्या पट्ट्या. समोरासमोरच्या बाजूंना आलेल्या पट्ट्या म्हणजे कॅप सरकल्याची खूण. नुसत्या आरपीएममुळे रॉड ताणून बिग एंड आत दबत असता, तर दोन्ही बाजूंना सारख्या खुणा दिसल्या असत्या. त्या दोन रॉडना जोडापासून साधारण पंचवीस अंशांवर, दोन्ही तिरप्या दिशांनी माप घ्या. शेल मधोमध जाड आणि जोडाकडे पातळ असतो, त्यामुळे दोन्हीकडे काटकोनातल्या मापापेक्षा थोडं जास्तच यायला हवं, आणि एकसारखं यायला हवं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मापं घेतली. चांगल्या दोन रॉडमध्ये दोन्ही तिरपी मापं ०.०६७ च्या आसपास आहेत. खुणा असलेल्या रॉडपैकी एकात ०.०५४ आणि ०.०८०, दुसऱ्यात ०.०५६ आणि ०.०७८. कॅपवरचे नंबर जुळतात, कॅप उलटी बसलेली नाही. तापमानाचा सेन्सर संपमध्ये आहे.

आता हे दोन रॉड पुन्हा वापरावेत का? आणि क्लिअरन्स ०.०५५ च ठेवलं तर ऑइल कुठलं?

प्रतिसाद

कॅप सरकलीच आहे. डॉवेल (कॅप जागेवर धरणाऱ्या पिना) आणि त्यांची भोकं तपासा. सैल असतील तर ते रॉड बदला, कारण नुसतं होनिंग करून (भोक आतून घासून मापात आणून) भोक गोल झालं तरी पुढच्या वेळी आवळताना कॅप परत सरकेल. डॉवेल घट्ट असतील तर आवळताना सॉकेट कॅपच्या खांद्याला टेकतोय का ते बघा. जाड भिंतीचा सॉकेट बोल्ट आवळता आवळता कॅपला बाजूला रेटतो. पातळ सॉकेट घ्या आणि बोल्टचा ताण टॉर्कवर न सोडता लांबी मोजून ठरवा. रॉड गोल करून आणले की चारही रॉडची मापं पुन्हा घ्या. एखादा ०.०४८ च्या खाली गेला तर जास्त क्लिअरन्सचा एक शेल आणि साधा एक शेल अशी जोडी लावून अर्धा थाऊ मिळवता येतो. जाड शेल (या जोडीतला साधा) रॉडच्या बाजूला, म्हणजे वर ठेवायचा, भार तिथे येतो.

संपमधलं १३० म्हणजे कूलर नसेल तर गॅलरीतही (बेअरिंगकडे ऑइल नेणाऱ्या वाटेतही) तेवढंच, आणि बेअरिंगमधून निघणारं ऑइल त्याहून गरम. कूलर बसवा, दुसरा सेन्सर गॅलरीत टाका. गॅलरी ११५ च्या आत राहिली तर एचटीएचएस चारच्या वर असलेलं १०डब्ल्यू-४० पुरेल. राहिली नाही तर १५डब्ल्यू-५०. आणि ५० घातलंत तर ऑइल ७० अंशांना पोचेपर्यंत इंजिन ३,००० च्या वर नेऊ नका, थंड ब्लॉकमध्ये तुमचं मेन सगळ्यात घट्ट असतं.