‘लाइफ’ दिसलं की ‘जीवन’ लिहायचं, हे थांबवायला हवं

शब्दसई:
अनुवादाचं काम करताना एक गोष्ट मला सतत खुपते. इंग्रजीतलं ‘लाइफ’ दिसलं की आपला हात आपोआप ‘जीवन’ लिहितो. मग ‘बॅटरीचे जीवन’ छापून येतं. बॅटरी जगत नाही, टिकते. माणसाबद्दल बोलतानाही आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. आयुष्य म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचा काळ. जीव म्हणजे ज्याच्यामुळे शरीर चालतं ते. जगणं म्हणजे रोजचं, हाताशी असलेलं. ‘आयुष्य गेलं’ आणि ‘जीव गेला’ यांत केवढं अंतर आहे! पहिलं म्हणणारा माणूस अजून जिवंत असतो. इंग्रजीने हे सगळं एकाच शब्दावर लादलंय. माझ्या मते ‘लाइफ’ हा गरीब शब्द आहे आणि आपण त्याची गरिबी मराठीत आणतोय.

खडूफळा:
बॅटरीबद्दल मान्य. पण गरीब? अजिबात नाही. एका शब्दाला अनेक अर्थ असणं ही गरिबी असेल, तर आपला ‘जीव’ सगळ्यात दरिद्री म्हणावा लागेल. जीव लावला, जीव रमला, जीव खाल्ला, जीव घेतला, जिवावर आलं, जीव भांड्यात पडला. माया, करमणूक, तगादा, खून, कंटाळा, सुटका, सगळं एकाच शब्दात! आणि ज्या ‘जीवन’वर तुमचा राग आहे, तो अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये येतो. जो शब्द माणसाला रोज लागतो, तो पसरतोच.

इंग्रजीत ‘ही गॉट लाइफ’ म्हणजे त्याला जन्मठेप झाली. जगण्याचाच शब्द शिक्षेचं नाव होतो. ‘जन्मठेप’ म्हटल्यावर अर्थ नेमका कळतो, पण तो चटका बसत नाही.

शब्दसई:
‘जीव’ची यादी माझ्या मुद्द्याला धक्का लावत नाही. तिथे अर्थ क्रियापद ठरवतं: लावला की माया, घेतला की खून. वाचक कधीच अडखळत नाही. ‘लाइफ’चा अनुवाद करताना मात्र अख्खा परिच्छेद वाचून ठरवावं लागतं. आणि चटका म्हणाल तर ‘जन्मठेप’मध्ये आख्खा जन्म आहे. मला तो शब्द जास्त भयंकर वाटतो.

मूळधातू:
थोडं कुळाबद्दल, कारण ते वादाच्या आड येतंय. ‘लाइफ’ जुन्या इंग्रजीत ‘लीफ’ होता. त्याच्याच नात्यातला जर्मन ‘लाइब’ आणि डच ‘लेइफ’ म्हणजे शरीर. राहणे या अर्थाचं जर्मन ‘ब्लायबन’ही त्याच घरातलं. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी ‘उरणं’ आहे. आपणही कुणी गेल्यावर ‘ते आता राहिले नाहीत’ म्हणतो.

आपल्या ‘जीव’चा इंग्रजीतला सख्खा भाऊ मात्र ‘लाइफ’ नाही, तो आहे ‘क्विक’! जुन्या इंग्रजीत ‘क्विक’ म्हणजे जिवंत. वेगवान हा अर्थ नंतरचा. नखाखालच्या हुळहुळ्या मांसाला अजूनही ‘क्विक’ म्हणतात, आणि पाऱ्याला ‘क्विकसिल्व्हर’, म्हणजे जिवंत चांदी. तेव्हा इंग्रजीकडे एकच शब्द होता असं नाही. दोन होते, त्यातला एक धावत दुसरीकडे गेला.

अणुरेणू:
मी शब्दसईंच्या बाजूने. कार्बन-14 चं ‘हाफ लाइफ’ सुमारे 5,730 वर्षं आहे. तेवढ्या काळात त्यातले निम्मे अणू बदलून नायट्रोजन होतात. मराठीत आपण अर्धायुष्य म्हणतो आणि ते चपखल बसतं. अणूला जीव नाही, पण आयुष्य आहे! ‘अर्धजीवन’ म्हटलं असतं तर विद्यार्थ्याच्या डोक्यात भलतंच चित्र उभं राहिलं असतं. शास्त्रात हा फरक फार मोलाचा आहे.

खडूफळा:
शास्त्रात असेलही. साहित्यात नाही. फळं, भांडी, फुलदाणी यांच्या चित्राला इंग्रजीत ‘स्टिल लाइफ’ म्हणतात. शब्द डचमधून आला. फ्रेंच त्यालाच ‘नात्युर मॉर्त’ म्हणतात, म्हणजे मेलेला निसर्ग. एकाच चित्राला एक भाषा स्तब्ध जगणं म्हणते, दुसरी मेलेलं. आपलं ‘स्थिरचित्र’ बरोबर आहे, पण त्यात ना जगणं ना मरण.

हे वाक्य घ्या: ‘देअर वॉज नो लाइफ इन हिज लाइफ.’ करा अनुवाद. तुमच्या नेमक्या शब्दांनी ‘आयुष्यात उमेद नव्हती’ होईल आणि पुनरुक्तीचा घाव गेला.

शब्दसई:
‘त्याच्या आयुष्यात जीव नव्हता.’ दोन शब्द, दोन अर्थ, आणि घाव शाबूत.

मूळधातू:
‘त्याच्या जीवनात जीवच नव्हता.’ एकाच धातूचे दोन शब्द, त्यामुळे पुनरुक्तीही राहते.

शब्दसई:
सुंदर आहे, मान्य करते. पण ‘त्याच्या जीवनात’ असं घरात कुणी बोलतं का? ते भाषणातलं वाक्य वाटतं. मी ‘आयुष्यात’च ठेवेन.

खडूफळा:
आणि मी मूळधातूंचं घेईन. इथे ‘जीवन’ लिहिल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही.