साक्षगंधाआधी सिकलसेलचं कार्ड दाखवायचं की नाही?

जरीपटक्याचा भाऊ
धाकट्या बहिणीचं भंडाऱ्याला जुळत आलंय, पुढच्या महिन्यात साक्षगंध. बहीण सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, वाहक आहे, एएस. कॉलेजात शिबिर झालं तेव्हा कळलं. आधी रक्ताची सोल्युबिलिटी तपासणी, मग खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. ते कार्ड आईने कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलंय. "पोरीला काही त्रास आहे का? मग कायले सांगायचं?" एवढंच ती म्हणते.

आईची भीती खोटी नाही. आधीच्या स्थळाला कार्ड दाखवलं, तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन उचलला नाही. स्वतःच्या मुलाचं रक्त तपासायचा विषयही कोणी काढला नाही! दोष जणू आमच्याच घरात.

पण माझा मामेभाऊ एसएस आहे, म्हणजे त्याला आजारच आहे. थंडी पडली की त्याची हाडं दुखायला लागतात. मेडिकलच्या वॉर्डात त्याच्या उशाशी मी रात्री काढल्यात, त्याला उशी चावताना पाहिलंय. ते आठवलं की गप्प बसवत नाही. तरी रक्त बहिणीचं, गोष्ट बहिणीची. तिला डावलून मी मुलाकडच्यांना सांगणं बरोबर आहे का?

लॅबवाली ताई
नाही भाऊ, सांगायचं तर बहिणीनेच. तुम्ही तिच्या बाजूला बसा.

मी १४ वर्षं लॅबमध्ये आहे. मुलगा एए, म्हणजे वाहकही नसलेला, असेल तर त्यांचं बाळ एसएस होत नाही, फार तर आईसारखं एएस होईल. दोघंही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची. 'प्रत्येक' शब्द लक्षात ठेवा. पहिलं बाळ चांगलं निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही, आणि हे लोकांना सांगून सांगून मी थकले.

मुलाची नुसती सोल्युबिलिटी करून थांबू नका. त्यात एएस की एसएस कळत नाही, आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक असेल तर तो सुटून जातो. तो वाहक असला तरी बाळाला सिकलसेलचाच त्रास होऊ शकतो. एचपीएलसी करून घ्या, त्या रक्ततपासणीत हे सगळं कळतं.

आपल्या मध्य भारतात सिकलसेल वाहकांची नोंद १९५८ सालापासून आहे. २०२३ च्या जुलैत केंद्राची मोहीम सुरू झाली, ७ कोटी लोकांना तपासायचं ठरलं. कार्डं वाटली जातील हो. पण ती साड्यांखालीच राहिली तर तपासून उपयोग काय?

कामठी रोड
मुलाकडचे विचारत नाहीत तोवर सांगू नका. एएस हा आजार नाही. लग्न मोडलं तर परत स्थळ शोधायला समाज येणार नाही, तुम्हालाच फिरावं लागेल.

एका एसएस मुलीची आई
कामठी रोड, तुमचं बोलणं माझ्या सासूबाईंच्या तोंडचं वाटलं. आम्ही दोघं एएस, लग्नाआधी कोणी तपासलं नाही. मुलगी आता ११ वर्षांची आहे. हायड्रॉक्सीयुरियाचं औषध रोज चालू आहे, त्याने दुखणं बरंच कमी झालं, शाळा बुडत नाही. दुसऱ्या वेळी अकराव्या आठवड्यात वारेचा तुकडा काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही नवराबायको एकमेकांशी धड बोललो नाही. बाळ एएस निघालं.

दोन वाहकांनी लग्नच करू नये, असं मी म्हणणार नाही. माहीत असून केलं असतं तरी मी यांच्याशीच केलं असतं. पण ठरवायला आम्हाला वेळ मिळाला असता. आणि माझ्या पोरीसमोर "असं मूल जन्माला का घातलं" म्हणणारे नातेवाईक मी घरात घेत नाही. तपासणीचा अर्थ तो नाही.

जरीपटक्याचा भाऊ
काल रात्री हे सगळं बहिणीला वाचून दाखवलं. तिने माझ्यासमोरच मुलाला फोन लावला, कार्डाचं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, माझी तपासणी कधी झालीच नाही. शनिवारी नागपूरला येतोय रक्त द्यायला. त्याच्या घरी अजून माहीत नाही.

आई माझ्याशी बोलत नव्हती. आज सकाळी पोळ्या लाटता लाटता विचारलं, रक्त उपाशीपोटी द्यावं लागते का?

लॅबवाली ताई
नाही, जेवून आला तरी चालतं. गेल्या तीन महिन्यांत त्याला रक्त चढवलं असेल तर तेवढं आधी सांगायला लावा.