पावणेदोन वर्षांच्या मुलाचं तोंड आलंय, हिरड्यांतून रक्त येतंय

गोट्याची_आई:
परवा रात्री एकदम १०३ ताप. काल दिवसभर किरकिर, आणि लाळ इतकी की लाळेरं बदलून बदलून कंटाळले. आज रडताना तोंडात डोकावले तर वरच्या हिरड्या लालभडक, दातांवर चढल्यासारख्या सुजलेल्या, नुसतं बोट लागलं तरी रक्त. जिभेच्या टोकावर आणि खालच्या ओठाच्या आतून पिवळट ठिपके, कडा लाल. तोंडाला वास येतोय. दूध दिसलं तरी ढकलतो. सासूबाई म्हणतात दात येताहेत. मोठीच्या वर्गात हातापायांवर फोड येण्याची साथ आहे, तेच असेल का? मागच्या आजारपणातलं अँटिबायोटिक उरलंय, सुरू करू? डॉक्टरांची वेळ उद्या दुपारची मिळालीय.

निवांत७:
आमच्या मुलीलाही झालं होतं, हात-पाय-तोंडाचा आजार. आठवड्याभरात आपोआप गेलं. दात येतानाचं बधिर करणारं जेल लावा, बरं वाटेल.

वॉर्डातली_सिस्टर:
जेल राहू दे हो. त्यातल्या बऱ्याच जेलमध्ये बेंझोकेन असतं. त्याने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच घटते, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला ते द्यायचंच नाही. लिडोकेन हे दुसरं बधिर करणारं औषधही मनाने लावायचं नाही.

गोट्याच्या आई, माझी सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात गेली. तोंड आलेलं मूल आलं की मी आधी बघायची, फोड नेमके कुठे आहेत. पडजिभेच्या आजूबाजूला, पार मागे, आणि हिरड्या स्वच्छ, तर बहुतेक हर्पँजायना. जीभ, गाल आतून आणि सोबत तळहात, तळपाय, कधी ढुंगणावर पुरळ, तर हात-पाय-तोंड. हे दोन्ही कॉक्सॅकी आणि त्याच्या भाऊबंद विषाणूंचे उद्योग. (जनावरांच्या लाळ्या-खुरकताशी याचा काही संबंध नाही, हे दर साथीत सांगावं लागतं.) पण हिरड्या सुजून रक्त येणं आणि फोड तोंडाच्या पुढच्या भागात, ही खूण हर्पीस सिंप्लेक्सची. नावाने दचकू नका. मोठ्यांच्या ओठावर बारीक पाण्याच्या फोडांचा ‘जर’ उठतो ना, तोच हा विषाणू. पहिल्यांदा गाठतो तेव्हा लहान मुलाला असा झोडपतो.

म्हणून म्हणते, उद्या दुपारपर्यंत थांबू नका. असायक्लोव्हिर नावाचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर त्रासाचे दिवस कमी होतात, आणि तुमचा ताप परवा रात्रीचा. फोन करून ‘हिरड्यांतून रक्त येतंय, काही पीत नाही’ असं स्पष्ट सांगा, आजच बोलावतील. उरलेलं अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते टाकून द्या. आणि दातांमुळे १०३ ताप येत नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा.

तोवर खरी लढाई पाण्याची. आमच्याकडे मुलं भरती व्हायची ती फोडांमुळे नाही, पिणं बंद झाल्यामुळे. पॅरासिटामॉल किलोला १० ते १५ मिलीग्राम, दोन डोसांत निदान चार तास, दिवसात चारच्या वर नाही. बाटलीवरचं बघून मोजा, एकाच नावाचं सिरप दोन-दोन ताकदीत मिळतं. ॲस्पिरिन अजिबात नाही. डोस दिल्यावर अर्ध्या तासाने दुखणं उतरतं, तेव्हा गार दूध किंवा पाणी बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडायचं. गिळला की पुढचं. आंबट, खारट काही नको, भयंकर झोंबतं. झोपून उठल्यावर ओठ खपल्यांनी चिकटलेले असतात, ते ओढू नका. ओल्या फडक्याने भिजवा आणि व्हॅसलीन लावा.

सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर वेळ बघू नका, सरळ इमर्जन्सीत. डोळा लाल होऊन पापणीवर फोड आला तरी तेच.

गोट्याची_आई:
आत्ताच दाखवून आलो. हर्पीसच म्हणाले, औषध दिलंय. सिरिंजने थोडं दूध गेलं आणि शू पण झाली! मागच्या आठवड्यात ह्यांच्या ओठावर जर होता, त्यातूनच का? आणि मोठीला होईल का? हा अंगठा चोखतो, त्याचं काय करू?

वॉर्डातली_सिस्टर:
तिथूनही असेल, पण ओठावर काही नसतानाही लाळेतून विषाणू जातो, त्यामुळे बाबांच्या मागे लागू नका. एवढंच, पुढे कधी जर उठला की मुलांच्या पाप्या बंद, आणि नवजात बाळ असेल तर जवळही जायचं नाही.

मोठीला होऊ शकतं. पेला, चमचा, टॉवेल, तोंडात घालायची खेळणी वेगळी ठेवा. त्याची लाळ पुसली की साबणाने हात धुवा. अंगठा सोडवायला आत्ता जाऊ नका, आजारी मूल ऐकणार नाही. रोज अंगठ्याची नखाकडची बाजू बघा. तिथे लाल, ठणकणारे पाण्याचे फोड आले तर तो विषाणूच उतरलाय. नखुरडं समजून टोचू-फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. हिरड्या निवळायला दहा-पंधरा दिवस लागतील. ब्रश टोचत असेल तर ओल्या मऊ कापडाने दात पुसा.

निवांत७:
सिस्टर, जेल उचलून फेकलं. आमच्या मुलीची त्यानंतर महिन्याभराने दोन नखं गळाली होती, ते त्यामुळेच का?

वॉर्डातली_सिस्टर:
हो, हात-पाय-तोंडानंतर होतं तसं. दुखत नाही, खालून नवीन नख येतं.