आखाती युद्धाच्या बातम्यांत जिकडेतिकडे 'स्मार्ट' का?

मासकॉम_धरमपेठ
नमस्कार, मी नागपुरात मासकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी १९९१ च्या आखाती युद्धाचं कव्हरेज वाचून राहिली आहे. त्या जानेवारी-फेब्रुवारीचं काहीही काढा, स्मार्ट बॉम्ब, स्मार्ट बॉम्ब (म्हणजे लक्ष्याकडे वळत जाणारा), आणि मराठीतही शब्द जसाच्या तसा. सगळं वाचून असंच वाटतं का पूर्ण युद्ध नेम धरूनच झालं, आणि त्याच युद्धात बगदादच्या अमिरिया शेल्टरमध्ये ४०० च्या वर सामान्य माणसं गेली. हा शब्द आला कुठून आणि पत्रकारांनी तपासला काहून नाही?

जुना_डेस्कवाला
शब्द त्याच्या आधीचा आहे. व्हिएतनाममध्ये थान होआचा पूल अमेरिकेनं १९६५ पासून कितीदा झोडपला पण पडत नव्हता, १९७२ मध्ये लेझर बॉम्बनं पाडला, तेव्हापासून हा शब्द चालला. घराघरात मात्र ९१ लाच पोचला. १७ जानेवारीला हल्ले सुरू झाले आणि रियाधच्या ब्रीफिंगमध्ये विमानातल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ दाखवू लागले, मधोमध क्रॉस, खाली बिल्डिंग, आणि बॉम्ब बरोबर तिथंच. नेम चुकलेल्यांचे व्हिडिओ कोण दाखवणार. रिपोर्टर लोकांना लष्करानं ठरवलेल्या पत्रकारांच्या गटातूनच फिरता यायचं, सोबत अधिकारी, कॉपीही आधी तेच वाचणार, म्हणजे हातात जे मिळालं ते तेच होतं. इथं आमच्या टेबलावर एजन्सीची कॉपी यायची, रात्री पान सोडायची घाई, तिथून शब्द उचलायचा नि लावायचा हेडिंगला. आम्ही विचारायला पाह्यजे होतं का एकूण बॉम्बांत असे किती.

अंबाझरी_रिटायर्ड
मी दारूगोळ्याच्या कामात आयुष्य काढलं म्हणून थोडं सांगतो बेटा. लेझरवाला बॉम्ब म्हणजे बहुतेक वेळा जुनाच लोखंडी बॉम्ब, पुढे सीकर (उजेड शोधणारा भाग) आणि वळणारे पंख असलेली किट बसवलेली. कोणीतरी लक्ष्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवते, सीकरला तो परत आलेला उजेड दिसते, पंख वळतात, बॉम्ब तिकडे जाते. मधात ढग, धूर, धूळ आली का ठिपका हरवते. त्या ठिपक्याखाली कोण बसलं आहे हे त्याला समजत नाही. अमिरियात हेच झालं. १३ फेब्रुवारीला दोन लेझर बॉम्ब टाकले, एकानं काँक्रीटचं छत फोडलं, दुसरा त्यातून आत. नेम अजिबात चुकला नाही. अमेरिकेचं म्हणणं होतं का ते कमांड सेंटर आहे, आत बायका-पोरं झोपली होती.

मासकॉम_धरमपेठ
काका, हे फार महत्त्वाचं सांगितलं तुम्ही. म्हणजे बॉम्ब वळते एवढ्यापुरता शब्द बरोबर, आणि बातमीनं तो जागा निवडणाऱ्यांच्या निर्णयालाही लावून टाकला. आणि एकूण बॉम्बांत असे किती होते ते कुठं सापडेल?

वाचनालय_सदर
युद्ध संपल्यावर मार्च ९१ मध्ये अमेरिकन हवाईदलाच्या प्रमुखांनी, जनरल मॅकपीक यांनी, आकडे दिले होते. सुमारे ८८,५०० टन बॉम्ब टाकले, त्यात गाइडेड, म्हणजे स्मार्ट, फक्त ६,५२० टनांच्या आसपास, म्हणजे शंभरात साडेसात टनही नाही. बाकी सगळे साधे, बी-५२ या मोठ्या बॉम्बफेकी विमानांतून पडले तेही साधेच. युद्ध चालू असताना टीव्हीवर जे पाहिलं ते या साडेसातातलं. प्रोजेक्टमध्ये एक करून पाहा, आधीच्या दीड महिन्यात हा शब्द पहिल्या पानावर कितीदा आला ते मोज आणि मार्चमध्ये हे आकडे कोणत्या पानावर, किती कॉलममध्ये छापले ते मोज, कोणी छापलेच नसतील तर तेही लिही.

जुना_डेस्कवाला
हे बरोबर. आणि जमलं तर कारगिल पण घे, २४ जून १९९९ ला टायगर हिलवर मिराज विमानानं लेझर बॉम्ब टाकला, त्याच्या मराठी बातम्या काढून पाहा, तिथं कोणतं विशेषण लावलं ते. जुन्या फायली वाचनालयात बसूनच पाहाव्या लागतील, सकाळी लवकर जा.