अनुभव धागा: जुन्या लेन्स आणि मधलं ते कडं

हेलिओस, ताकुमार, पेंटाकॉन अशा जुन्या लेन्स नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवणारी मंडळी ठाणे-नवी मुंबईत बरीच आहेत. लेन्सचं कौतुक सगळेच करतात, पण निम्मी रड असते ती लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या मधल्या कड्याची, म्हणजे ॲडॉप्टरची. ढिला, अडकलेला, जाडी चुकलेला… तुम्ही काय केलंत ते लिहा. कुठून किती स्वस्त मिळाला, हे नको.

खाडीकाठचा, ऐरोली
माझा एम४२ (जुन्या लेन्सचा आट्यांचा माउंट) ते सोनी ई. २८ मिमीची लेन्स अनंतावर नेली की खाडीपलीकडचे मुलुंडचे टॉवर धूसर, आणि रिंग पाच मीटरच्या खुणेवर आणली की कडक शार्प. त्याच ॲडॉप्टरवर १३५ ची काहीच तक्रार नाही, त्यामुळे संशय २८ वरच जातो. पण हिशेब बघा. एम४२ चं फ्लँज अंतर, म्हणजे माउंटपासून सेन्सरपर्यंतचं, ४५.४६ मिमी, सोनीचं १८. म्हणजे ॲडॉप्टर २७.४६ हवा. व्हर्नियरवर भरला २७.३०, म्हणजे ०.१६ ची तूट. मग अनंत रिंगच्या कुठल्या खुणेवर येईल? फोकल लेंग्थचा वर्ग भागिले ही तूट: २८ ला जवळपास ५ मीटर, १३५ ला शंभराच्याही वर. म्हणून मोठी लेन्स गप्प बसते.

बरेच स्वस्त ॲडॉप्टर मुद्दामच आखूड करतात, म्हणजे अनंत हुकत नाही. अंतराच्या खुणा गेल्या उडत! मी मागची बयोनेट प्लेट खोलून खाली पितळी शिम, म्हणजे जाडी भरून काढणारा पातळ पत्रा, बसवली. कात्रीने कापली की शिमची कड वर उचलते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती घासायची, नाहीतर प्लेट तिरकी बसते आणि फोटोची एक बाजू सॉफ्ट येते. लेन्स उघडण्याआधी व्हर्नियर लावा, एवढंच सांगणं.

वागळेवाला
माझं उलटं, ॲडॉप्टर जाड. अनंत येईचना. शिमने जाडी वाढते, कमी कशी होणार? लेथ. टर्नर आधी हसला, "पॉइंट एक काढायला एवढा चक बांधायचा?" पातळ कडं चकमध्ये आवळलं की दबून लंबगोल होतं, हे त्यानेच सांगितलं. मग एक मिमी पिचच्या आट्यांची मँड्रेल, म्हणजे कडं चढवायचा दांडा, केली, ॲडॉप्टर तिच्यावर चढवला आणि तोंडावरून हलका कट घेतला. मजुरीत नवा ॲडॉप्टर आला असता, पण मँड्रेल आता कायमची आहे. नंतर साबणाने धुऊन ब्रशने साफ करा. ॲल्युमिनियमचा चुरा सेन्सरवर गेला तर रडायची पाळी.

वाशीवाली
पावसाळाभर ॲडॉप्टर लेन्सवरच राहिला आणि आटे धरले. जोर लावून दोन बाजूंनी पिळला की तो आणखी आवळतो. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, लेन्स टेबलावर उपडी ठेवली आणि तळहात सपाट दाबून फिरवला, सुटला. सासूबाई म्हणाल्या, "बरणी होती का गं?" आट्यांवर स्प्रेचं तेल मारू नका, ते झिरपून ॲपर्चरच्या पात्यांवर जातं.

नेरुळ पाम बीच
लेन्स घट्ट बसते पण खुणेची रेघ वर न येता बाजूला येते? ॲडॉप्टरच्या कडेला तीन इवले ग्रब स्क्रू असतात. ते बारीक ॲलन कीने सैल करा, आतलं कडं फिरवा, पुन्हा आवळा. झालं.

घोडबंदरकर
लेन्स बसवल्यावर ॲपर्चर उघडाच राहतो. बिघाड का?

खाडीकाठचा, ऐरोली
ऑटो लेन्स असेल तर मागची पिन दाबली जात नाहीये. पिन दाबणारा आतला ओठ असलेला ॲडॉप्टर घ्या, किंवा लेन्सला ए-एम (ऑटो-मॅन्युअल) खटका असेल तर एमवर ठेवा. हेलिओस ४४-२ ला पिनच नाही, तिला कुठलाही चालतो.

घोडबंदरकर
खटका होता! आणि निकॉन डीएसएलआरवर?

वागळेवाला
तिथे दुरुस्ती नाही. निकॉनचं अंतर ४६.५, एम४२ पेक्षा जास्त. बिनकाचेच्या ॲडॉप्टरवर ५० मिमी दोन-अडीच मीटरच्या पुढे जाणार नाही. जवळची फुलं काढा.

वाशीवाली
शिम मिळते कुठे?

खाडीकाठचा, ऐरोली
मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पण थोडीशी देत नाहीत, पूर्ण रोल घ्यावा लागतो. माझा बराच उरलाय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुकडा कापून देतो. जाडी मात्र आधी मोजून सांगा.