प्रतिसाद: २०११ नंतरही घोडं अडलेलंच होतं

समलिंगी सैनिकांनी ओळख लपवली तरच सैन्यात राहता येईल, असं सांगणारं 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' धोरण २०११ मध्ये रद्द झालं आणि अमेरिकी सैन्यातल्या समलिंगी जोडप्यांचा प्रश्न सुटला, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं. नोकरी जायची भीती गेली, पण लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचंच, असं मानणाऱ्या 'डोमा' कायद्यामुळे जून २०१३ पर्यंत केंद्र सरकारच्या लेखी ती लग्नंच नव्हती. जोडीदार तैनातीवर गेला की ना मागे राहिलेल्याला आरोग्यविमा, ना तैनातीवर गेलेल्याला कुटुंबापासून दूर राहण्याचा महिना २५० डॉलरचा भत्ता.

त्याहून वाईट म्हणजे मृत्यूची बातमी कळवण्याची पद्धत. ऑक्टोबर २०१२ मध्ये अफगाणिस्तानात खोस्तला आत्मघातकी स्फोटात नॉर्थ कॅरोलायना नॅशनल गार्डची (राज्याच्या राखीव सैन्यदलाची) सैनिक डोना जॉन्सन गेली. कळवायला लष्कराची माणसं गेली ती तिच्या आईकडे. डोनाच्या बायकोला कळलं नणंदेकडून! सासरच्यांनी तिला आपलं मानलं होतं म्हणून, नाहीतर तेवढंही नाही.