चाचेगिरी, सागरी दरोडा की आणखी काही?

शब्दवेडी:
एका छोट्या मासिकासाठी जहाजांवरच्या लुटालुटीबद्दल लेख करतेय आणि शब्दापाशीच अडलेय. बातम्यांत बघावं तर सगळीकडे 'चाचे'. सोमालियाजवळ अख्खं जहाज पळवलं तरी चाचे आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीत रात्री तिघं-चौघं मागच्या बाजूने चढून इंजिनाचे स्पेअर घेऊन पसार झाले तरी चाचेच. भाचा बोटीवर असतो, तो म्हणाला मावशी हे दुसरं पायरसी नाही, ह्याला आर्म्ड रॉबरी म्हणतात, रिपोर्टात दोन्ही वेगळे धरतात. मग ह्या दुसऱ्याला मराठीत काय लिहायचं? 'सशस्त्र दरोडा' चालेल का?

धक्क्यावरचा:
भाचा बरोबर सांगतोय ताई. कृत्य तेच असलं तरी ते कुठे घडलं त्यावर नाव बदलतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा समुद्र, तिथे जहाज लुटलं तर आर्म्ड रॉबरी, त्याच्या बाहेर लुटलं तर पायरसी. पायरसीची व्याख्या १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराच्या कलम १०१मध्ये आहे आणि आतल्या लुटीची व्याख्या आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, २००९च्या ठरावात केली. सिंगापूरची सामुद्रधुनी मुळात इतकी चिंचोळी की तिथे बहुतेक ठिकाणी तुम्ही इंडोनेशिया, मलेशिया नाहीतर सिंगापूर ह्यांच्यापैकी कुणाच्या तरी पाण्यात असता, म्हणून तिथल्या चोऱ्या जास्त करून आर्म्ड रॉबरीतच जमा होतात.

आणि हे नुसतं शब्दाचं भांडण नाही हां. खुल्या समुद्रात चाचा सापडला तर कुठल्याही देशाचं नौदल त्याला धरू शकतं, खटला पण चालवू शकतं. १२ मैलांच्या आत मात्र त्या देशाचे पोलिस नाहीतर त्यांचं कोस्ट गार्ड, बाकीच्यांनी बघत बसायचं. सोमालियात सरकारच धड नव्हतं, चाचे लूट करून किनाऱ्याकडे पळायचे आणि आत शिरले की सुटले, म्हणून २००८ साली सुरक्षा परिषदेला १८१६ नंबरचा खास ठराव करून परदेशी युद्धनौकांना तिथल्या सरकारच्या संमतीने आत जायची मुभा द्यावी लागली.

कोर्टाचीपायरी:
'दरोडा' लिहू नका प्लीज. आपल्या कायद्यात दरोडा म्हणजे पाच किंवा जास्त माणसं लागतात, आधी भादंविमध्ये तसंच होतं, आता न्याय संहितेतही तसंच आहे. रॉबरीला एफआयआरमध्ये शब्द आहे 'जबरी चोरी'. ताईंचे चोर तिघं-चौघं आहेत, म्हणजे दरोड्याला माणूस कमी पडतोय 😄 'जहाजावरील सशस्त्र जबरी चोरी' हे बरोबर होईल, पण बोजड आहे हे मान्य.

धक्क्यावरचा:
वकीलसाहेब पेपरवाले दोघांनी एटीएम फोडलं तरी दरोडाच लिहितात, तिथे कोण मोजतंय. आणि 'सशस्त्र'चं पण बघा, त्या भागात बऱ्याचदा सुरा असतो, कधी कधी काहीच दिसत नाही, पोरं अलार्म ऐकला की हातातलं टाकून पाण्यात उडी मारतात. नाव तरी आर्म्ड रॉबरीच.

रेवदंड्याची:
मुळात 'चाचा' शब्दच मला गमतीशीर वाटतो, लहानपणी 'सोमाली चाचे' वाचून वाटायचं की कुणाचे तरी काका आहेत. आला कुठून हा?

शब्दवेडी:
जुना मराठी शब्द 'चांचा', अनुस्वारासकट. गुजरातीत चांचियो. सौराष्ट्रात राजुल्याजवळ चांच नावाचं गाव आहे खाडीच्या तोंडाशी, तिथले लोक पूर्वी जहाजं लुटायचे आणि त्यावरून शब्द पडला अशी व्युत्पत्ती देतात. मला पटते, पण पैज लावणार नाही.

कुलाबकर:
ह्यावरून आठवलं, इंग्रजांनी आमच्या कान्होजी आंग्र्यांना पण पायरेटच म्हटलं होतं. शाहू महाराजांचा सरखेल म्हणजे आरमारप्रमुख, रीतसर दस्तक म्हणजे परवाना देऊन जहाजांना वाट देणारा माणूस, दस्तक नसेल तर जहाज धरणारा, आणि तो चाचा? पोर्तुगीज हेच करायचे कार्ताझ नावाचा त्यांचा परवाना देऊन, त्यांना मात्र कुणी चाचे म्हणत नाही.

कोर्टाचीपायरी:
विषय सोडून वाटतंय पण नाहीये. कलम १०१ मध्ये अट आहे की कृत्य 'खाजगी हेतूने' हवं आणि खाजगी जहाजाने किंवा विमानाने केलेलं हवं. सरकारी आरमार ह्यात बसतच नाही, बंड करून खलाशांनी ताबा घेतला असेल तर वेगळं. म्हणजे आजची फूटपट्टी लावली तर सरखेल निर्दोष. ह्याच अटीमुळे एप्रिल २०२४ मध्ये इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डने एमएससी एरीज हे मालवाहू जहाज ताब्यात घेतलं, त्यावर १७ भारतीय होते, ती चाचेगिरी धरता येत नाही, तिथे 'जहाज जप्त केलं' किंवा 'ताब्यात घेतलं'. आणि येमेनच्या हूती बंडखोरांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून उतरून गॅलेक्सी लीडर जहाज पळवलं त्यावर अजून वाद घालता येतो, कारण हेतू उघड राजकीय होता.
आणखी एक, दोन जहाजं लागतात. तुमच्याच जहाजावरच्या प्रवाशांनी आतून ताबा घेतला तर पायरसी नाही. १९८५ साली अकिले लाउरो ह्या प्रवासी जहाजावर असंच झालं आणि ती पळवाट बुजवायला १९८८चा वेगळा करार करावा लागला.

धक्क्यावरचा:
कायद्यावर आलोच आहोत तर मुंबईची केस लिहाच ताई. अलोंड्रा रेनबो. ऑक्टोबर १९९९, सुमात्राच्या कुआला तांजुंगहून ॲल्युमिनियम घेऊन जपानला निघालेलं जहाज, वाटेत पळवलं, १७ खलाशांना तराफ्यात घालून सोडून दिलं, ते बरेच दिवस वाहत राहिले आणि शेवटी थायलंडच्या मासेमाऱ्यांनी उचलले. इकडे जहाजाला नवा रंग, नवं नाव 'मेगा रामा', आणि स्वारी निघाली अरबी समुद्रात. गाठलं कुणी तर आपल्या कोस्ट गार्डच्या 'ताराबाई'ने! मग नौदलाची 'प्रहार' आली, गोळीबार झाला तेव्हा कुठे थांबले. १५ जण मुंबईत आणले. आता लावायचं काय? चाचेगिरीचा आपला स्वतंत्र कायदाच नव्हता, भादंवि वगैरेची कलमं जुळवून खटला उभा केला, सत्र न्यायालयाने २००३ मध्ये सात वर्षं दिली आणि २००५ मध्ये हायकोर्टाने सोडून दिले. ताराबाईने पकडलेले कागदाने सोडवले.

कोर्टाचीपायरी:
कायदा यायला मग डिसेंबर २०२२ उजाडला. त्याच्याखाली मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरचे ३५ सोमाली चाचे मुंबईत यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिले, 'आयएनएस कोलकाता'ने आणलेले. शब्दासाठी महत्त्वाचं म्हणजे हा कायदा पण १२ मैलांच्या बाहेरच लागू, आतल्याला न्याय संहिता. तेव्हा ताई, तुमच्या लेखात दोन शब्द लागणारच.

शब्दवेडी:
मग असं करते, बाहेरच्याला चाचेगिरी, आतल्याला 'जहाजावरची लूट', आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात १२ मैल सांगून टाकते. जबरी चोरी अचूक आहे पण वाचणाऱ्याला गळ्यातली चेन खेचल्यासारखं वाटेल.

रेवदंड्याची:
लूट छान. रॅन्समला खंडणीच ना?

शब्दवेडी:
खंडणीच. 'मुक्तिधन' फक्त शब्दकोशात सापडतं. आणि सोमाली चाच्यांनी पळवलेल्या ॲस्फाल्ट व्हेंचर जहाजाच्या बाबतीत तर मुक्तिधन लिहिणं क्रूरच होईल, २०११ मध्ये पैसे पोचले, जहाज सोडलं आणि सात भारतीयांना मात्र ठेवून घेतलं, का तर आपल्या नौदलाने पकडलेली त्यांची माणसं सोडा म्हणून. ते सुटले २०१४ मध्ये.

धक्क्यावरचा:
एक राहिलं, 'अपहरण' जपून वापरा. जहाज पळवतात, अपहरण माणसांचं होतं. सोमालियात जहाज, माल, माणसं सगळं एकत्र किनाऱ्याला नेऊन महिनोन् महिने उभं करायचे. पश्चिम आफ्रिकेत गिनीच्या आखातात बरेचदा उलटं, जहाज तिथेच सोडून कॅप्टन, चीफ इंजिनियर वगैरे निवडक लोक उचलून नायजर डेल्टाच्या खाड्यांत नेतात. 'जहाजाचं अपहरण' लिहिलंत तर हे दोन्ही एकच वाटतील.

शब्दवेडी:
हे बरं सांगितलंत, माझ्या मसुद्यात तीन ठिकाणी तसंच आहे. बदलते आत्ताच.